मारिओची वरात

अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस दरवर्षी एक यादी काढते. देशाने कायमची जपून ठेवावीत अशा ध्वनिमुद्रणांची. २०२३ सालच्या यादीत जॉन लेननचं 'इमॅजिन' होतं, मॅडोना होती, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून मारिओ बसला होता. 'सुपर मारिओ ब्रदर्स' या १९८५ सालच्या व्हिडिओ गेममधली, पहिल्या लेव्हलला वाजणारी कोजी कोंदो यांची धून. व्हिडिओ गेमच्या संगीताला त्या पंगतीत पहिल्यांदाच पाट मिळाला.

बुलढाणा जिल्ह्यात या बातमीने कुणी दचकलं नाही. ती धून जपायचं काम आम्ही सरकारवर कधी सोपवलंच नव्हतं. मलकापूरपासून देऊळगाव राजापर्यंत, आज चाळिशीच्या आसपास असलेला कुठलाही गृहस्थ गाठा. पतसंस्थेत नोटा मोजत असेल, नाहीतर कृषी केंद्रात बियाण्याच्या पिशव्या. त्याच्या पाठीमागे उभं राहून ती धून नुसती गुणगुणा. पहिले सात स्वर संपायच्या आत त्याचा उजवा अंगठा आपोआप हलायला लागतो. राष्ट्रगीतानंतर त्याला पूर्ण पाठ असलेली ही एकमेव रचना. पूर्ण म्हणजे पहिल्या जगापुरती. आठव्या किल्ल्यापर्यंत पोचलेला माणूस आमच्याकडे विरळा, कारण या गेममध्ये खेळ साठवून ठेवायची सोयच नव्हती आणि आमच्याकडे लाइट नव्हती. पाचव्या जगात पोचावं, पुढचा किल्ला दिसावा आणि पंखा, कूलर, टीव्ही, मारिओ असे चौघे एकदम निजावेत. लाइट आली की पुन्हा पहिल्यापासून. शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या मुलाला गुरू वर्षभर एकच राग घोटायला लावतो म्हणतात. आमच्याकडे ते काम भारनियमनाने केलं.

हे सगळं प्रामुख्याने मे महिन्यात चालायचं, आणि इथे आमचा घाट महत्त्वाचा. आमचा जिल्हा दोन मजली आहे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर. तिथली माणसं उन्हाळ्यातही संध्याकाळी अंगणात बसतात आणि "आमच्याकडे बाई हवा थंड" असं खालच्यांना आवर्जून सांगतात. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव. तिथे मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर दोनच गोष्टी दिसतात: वितळलेलं डांबर आणि लग्नाची वरात. शहाणी माणसं कूलरसमोर आणि सुट्टी लागलेली पोट्टी टीव्हीसमोर. त्यामुळे आमच्या पिढीच्या कानात ही दोन संगीतं एकमेकांत कालवूनच शिरली. आत मारिओ, बाहेर बँडपार्टी. पुढे या विषयावर बरंच वाचलं, तेव्हा कळलं की ही कालवाकालव फार चुकीची नव्हती. दोघे एकाच धंद्यातले आहेत.

निन्टेन्डोच्या ज्या फॅमिकॉम यंत्रासाठी कोंदोंनी ही धून बांधली, त्याच्या चिपमध्ये पाच आवाज होते. त्यातले दोन चौकोनी लाटांचे, जरा नाकात बोलणारे. हे आपले क्लॅरनेटवाले. तिसरा त्रिकोणी लाटेचा, जाड आणि घुमा. हा गळ्यात मोठं पितळी वाद्य अडकवून मागे मागे चालणारा, ज्याच्याकडे शूटिंगवाला चुकूनही कॅमेरा वळवत नाही. चौथा आवाज म्हणजे निव्वळ खरखर, पण ती तोडून तोडून सोडली की ताशा. पाचव्याला ध्वनिमुद्रणाचे छोटे तुकडे वाजवता यायचे, पण तो मारिओच्या वरातीत आलाच नाही. सुपारीच्या वेळी मोजलेला आणि वाजवायच्या वेळी गायब असलेला एक जण प्रत्येक बँडपार्टीत असतो.

उरले चौघे. त्यात पुन्हा मालकाची काटकसर अशी की उडीचा 'टुंय' आणि नाण्याचा 'टिंग' करायला वेगळा माणूस नाही. मारिओने उडी मारली की या चौघांतलाच एक जण आपला सूर अर्ध्यावर सोडतो, 'टुंय' करून येतो आणि परत सुरात मिसळतो. तोवर उरलेले तिघे जागा झाकून घेतात. एवढं करून आख्खा गेम, कासवं, किल्ले, ढग आणि संगीत धरून, चाळीस किलोबाइटमध्ये बसवलेला. आमच्या फॅमिली ग्रुपवर आत्याबाई रोज सकाळी दवबिंदूवाला जो गुलाब पाठवतात, त्यात असे दोन मारिओ पाय पसरून झोपतील.

कोंदो १९८४ साली निन्टेन्डोत आले. त्याआधी त्यांनी दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्या बँडमध्ये दिवस काढले होते, आणि मला वाटतं त्याचाच उपयोग जास्त झाला. मारिओसाठी त्यांनी आधी एक रमतगमत जाणारी चाल केली होती. मारिओ धावायला लागला तेव्हा ती त्याच्या पायांत अडखळायला लागली. मग ती टाकून दिली आणि नवी बांधली, पळणाऱ्याच्या पावलांकडे बघून. मारिओ पाण्यात शिरला की तीन मात्रांचा वॉल्ट्झ, आपल्या दादऱ्याच्या लांबच्या नात्यातला. आमच्या पोरांना तो वॉल्ट्झ जरा परकाच वाटायचा. इतकं पाणी एका जागी बघायचं तर लोणारला जावं लागे, आणि ते खारं निघे.

पण खरी मेख लांबीची. सिनेमाच्या संगीतकाराला ठाऊक असतं, नायिका किती सेकंदांत दारापर्यंत पोचते. नाट्यसंगीतात वन्स मोअर मिळाला तरी पद कुठे संपवायचं ते गायकाच्या हाती असतं. बँडवाल्याच्या हातात काही नसतं. वरात निघताना त्याला एवढंच माहीत असतं की मंडप अर्ध्या किलोमीटरवर आहे. या अर्ध्या किलोमीटरला वीस मिनिटं लागतील की अडीच तास, हे ठरवणार नवरदेवाचे मित्र, रुसलेले मावसकाका आणि मुलीकडच्यांची घाटात बंद पडलेली गाडी. म्हणून तो गाणं असं वाजवतो की त्याचं शेपूट कधीही तोंडात धरता यावं. कोंदोंपुढे तोच प्रश्न होता. खेळणारा तिसऱ्या सेकंदाला पहिल्याच शत्रूवर आपटून मरणार, की आईला "आलो, आलो" म्हणत हिरव्या पाइपाशेजारी उभा राहणार, हे संगीतकाराला कसं कळावं? त्याने धून अशी बांधायची की शेवट सुरुवातीला जाऊन चिकटावा, सांधा दिसू नये, आणि शंभराव्या फेरीलाही ऐकणाऱ्याने टीव्ही फोडू नये. ही शेवटची अट कोंदोंनी खेळणाऱ्यापुरती पाळली. शेजारच्या खोलीत वामकुक्षी घेणाऱ्या आजोबांचा विचार जपानमध्ये झालेला दिसत नाही.

"अबे, हे काय लावलं कवापासून? एकच एक, एकच एक! दुसरं काही येते का नाही त्याले?"

आजोबांची ही तक्रार म्हणजे व्हिडिओ गेम संगीतावर आमच्या घरात झालेली पहिली समीक्षा. तिचा परिणाम म्हणून आवाज बंद करून खेळायचा हुकूम निघायचा आणि त्यातून मृत्यू ओढवायचे. कारण मारिओत वेळ शंभरावर आली की एक घाईची पिपाणी वाजते आणि पूर्ण धून जास्तच लगबगीने पळू लागते. ती ऐकूच आली नाही, तर माणूस निवांत नाणी वेचत बसतो आणि उभ्या उभ्या मरतो. शिवाय हे शंभर म्हणजे घड्याळातले शंभर सेकंद नव्हेत. चाळीसेक सेकंदांत संपतात. आमच्या बँडवाल्यांच्या 'पाच मिनिटांत आलो'च्या बरोब्बर उलट हिशेब.

वेग वाढवण्याची ही युक्ती मारिओच्याही आधीची. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' केला. त्याचं संगीत म्हणजे फक्त चार उतरते ठोके. पडद्यावरचे शत्रू मरत जातात तसे ते ठोके जवळ जवळ येतात आणि खेळणाऱ्याच्या छातीत धडधड व्हायला लागते. यातली गंमत अशी की उरलेले शत्रू भराभर चालावेत, असं कुणी आधी ठरवलं नव्हतं. शत्रू कमी झाले की बिचाऱ्या प्रोसेसरचं ओझं हलकं व्हायचं आणि तोच झपझप काम उरकू लागायचा. निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं. मंडप दिसायला लागला की आमच्या बँडचाही ठोका असाच वाढतो. तिथेही कारण भावनेचं नसतं. साडेबाराच्या मुहूर्ताची दुसरी सुपारी घेतलेली असते.

आजीचं मत आजोबांपेक्षा उदार होतं. तिने एकदा माळ ओढता ओढता थोडा वेळ पडद्याकडे बघितलं. एक बुटका मिशाळ गडी उड्या मारतो, डोक्याने विटा फोडतो, काहीतरी खाऊन अचानक मोठा होतो आणि राक्षसाच्या किल्ल्यातून कुणाची तरी लेक सोडवायला निघाला आहे. तिला सगळी कथा ओळखीची वाटली. नांदुऱ्याची मारुतीची एकशे पाच फुटी मूर्ती उभी राहिल्यावर ती दर्शनाला गेली, तेव्हा मान वर करून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "टीव्हीत लय लहान दिसते."

आमच्याकडचा मारिओ अर्थातच निन्टेन्डोच्या घरून आलेला नव्हता. नकली यंत्र आणि पिवळ्या रंगाची कॅसेट. कॅसेटच म्हणायचं, कुणी कार्ट्रिज म्हणालं असतं तर त्याला खेळायला घेतलं नसतं. ती चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारायची. कॅसेटवर लिहिलेलं असायचं '९९९९९९९ इन १'. म्हणजे नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव गेम. उघडल्यावर मोजकेच निघायचे, बाकी त्यांचीच टोपणनावं. पण त्या यादीच्या पडद्यावर समुद्रकिनारा असायचा, पक्षी उडत असायचे आणि मागे एक हळवी चाल वाजायची. ती निघाली 'अनचेन्ड मेलडी'. १९५५ सालच्या सिनेमासाठी अ‍ॅलेक्स नॉर्थ यांनी बांधलेली, पुढे १९९० च्या 'घोस्ट'मुळे जगभर पुन्हा रडवून गेलेली विरहाची चाल, चोरीच्या चिपमध्ये चोरून भरलेली. आम्ही ती 'आता कॉन्ट्रा लागणार' एवढ्याच अर्थाने ऐकली. आजही कुठे हॉटेलात ती लागली की माझ्या काही वर्गमित्रांचे डोळे पाणावतात. बायकोला वाटतं, कॉलेजातलं काहीतरी असणार. यांना कॉन्ट्रामधली बंदूक आठवलेली असते.

एसटी स्टँडजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये 'मुस्तफा' होता. कॅपकॉमने १९९३ साली त्याचं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' ठेवलं होतं, पण एवढं लांब नाव घेईपर्यंत एक रुपया संपतो, म्हणून त्यातल्या एका पात्राच्या नावावरून भारतभर त्याचा मुस्तफा झाला. त्याच्या संगीताविषयी मला एक शब्द लिहिता येणार नाही. ते ऐकलेला माणूस आमच्या गावात नाही. आठ पोट्टी एका मशीनला लोंबकळून "मार ना बे, मार ना बे" करत असताना मागे कोणता राग चालला होता, हे तानसेनालाही सांगता आलं नसतं.

जपानमध्ये मात्र मोठी माणसंही या नादी लागली. कोइची सुगियामा हे टीव्हीवरचे नामांकित संगीतकार. एका कंपनीच्या बुद्धिबळासारख्या गेमबद्दल त्यांनी अभिप्रायाचं पोस्टकार्ड धाडलं. कंपनीने नाव वाचलं, डोळे चोळले आणि १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट'चं संगीत त्यांच्याकडून करून घेतलं. तेव्हा त्यांचं वय पंचावन्न. आमच्याकडे या वयाची माणसं 'वाचकांची पत्रे'मध्ये रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल लिहितात आणि त्यांना कुणी खड्डे बुजवायलाही बोलावत नाही. पुढच्याच वर्षी सुगियामांनी ते संगीत वाद्यवृंदाकडून सभागृहात वाजवून घेतलं. २०२१ च्या जुलैमध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात देशोदेशींचे खेळाडू मैदानात येऊ लागले, तेव्हा पहिली वाजली ती त्यांचीच धून. मेरी कोम आणि मनप्रीत सिंग तिरंगा घेऊन चालले तेही गेमच्याच संगीतावर. म्हणजे वरातच, फक्त नवरदेव दोनशेच्या वर.

मग सीडी आली आणि गेममध्ये खरीखुरी, मुद्रित गाणी वाजायला लागली. सायबर कॅफेत 'रोड रॅश' लागला की गिटार अशी कडाडायची की शेजारच्या झेरॉक्सवाल्याची पानं तिरकी निघत. नेमका त्याच सुमारास आमच्या लग्नांत डीजे शिरला. मला दोन्हींबद्दल एकच आक्षेप आहे. आवाज मोठा, पण त्याला डोळे नाहीत. बँडवाला नवरदेवाकडे बघून वाजवतो. कुणी दातांत दहाची नोट धरली की क्लॅरनेट वर जातं, आजी नाचायला उतरल्या की ठेका मऊ होतो, दवाखान्यासमोरून जाताना ताशा आपोआप खाली येतो. डीजेला यातलं काही दिसत नाही. त्याचं पूर्ण लक्ष लॅपटॉपवर, आणि भिंतीएवढे स्पीकर नवरदेवाच्या घोडीला बिथरवण्यात गुंतलेले.

गेमवाल्यांना हे आपल्याआधी कळलं. लुकासआर्ट्स कंपनीतल्या मायकेल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी १९९१ च्या 'मंकी आयलंड २'साठी 'आयम्यूझ' नावाची यंत्रणा बसवली. खेळणारा एका झोपडीतून दुसरीत शिरला की चाल तुटत नाही; ताल तसाच ठेवून वाद्य बदलतं, सूर वळतो आणि नव्या दाराशी बरोबर जुळून येतो. आज मोठमोठ्या गेमचं संगीत असं थराथरांनी बांधतात. शांतता असली तर एकच थर, शत्रूची चाहूल लागली की दुसरा चढतो, मारामारी जुंपली की सगळे. यावर परदेशात परिषदा भरतात. आमच्या खामगावकडच्या बँडमास्तरांना बोलावलं असतं तर त्यांनी एका चहात सगळं समजावून सांगितलं असतं.

मानमरातबही मिळू लागला. गेमसाठी बांधलेल्या संगीताला पहिलं ग्रॅमी मिळालं २०११ साली, क्रिस्टोफर टिन यांच्या 'बाबा येतू'ला. 'सिव्हिलायझेशन ४' या गेममधली ही स्वाहिली भाषेतली प्रार्थना. नाव ऐकून आमच्याकडे कुणालाही वाटेल की बाप ऑफिसातून निघाला आहे आणि टीव्ही बंद करा. पण मला त्यातली जागा आवडते. हे गाणं गेममध्ये नाही, गेमच्या आधी, मेनूवर वाजतं. घोडी आलेली आहे, नवरदेवाचा फेटा बांधून व्हायचाय, आणि बँड दारात उभ्या उभ्या आपलं सर्वांत चांगलं गाणं वाजवून टाकतो, तसं.

महाराष्ट्रातही एक गेम झाला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक', २०२०. राजी नावाची पोरगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते आणि दुर्गा तिला त्रिशूळ देते. आपल्या पुराणांचं जग, आपल्या वाद्यांचे नाद, आणि संगीतकार लिनोस त्झेलोस, ग्रीसचे! ज्या गावात सवाई गंधर्व महोत्सवासाठी माणसं घरून चटया नेतात, त्या गावाला दुर्गेच्या युद्धासाठी माणूस मिळाला तो थेट ग्रीसमधला. हे वाचून मी आधी हसलो. मग ऐकलं आणि गप्प बसलो. परक्या माणसाने आपल्या वाद्यांना इतक्या अदबीने हात लावावा आणि आपण आपल्याच ताशाला प्लास्टिकचं पान चढवून मोकळं व्हावं, हे जरा लागतं.

आमच्या घरची पुढची पिढी मात्र पबजीवर गेली. त्याची मुख्य धून टॉम साल्टा यांची, चांगली रुबाबदार. पण ती वाजते बाहेर, लॉबीत, दोस्त जमेपर्यंत. मैदानात उतरलं की संगीत बंद. वारा, गवत आणि पावलं. भाचा रात्री जेवण सोडून कानाला हेडफोन लावून दगडासारखा बसलेला बघून आजीने विचारलं,

"काय ऐकून राह्यला बाप्पा एवढं?"

"पावलं."

"कोनाची?"

"दुश्मनाची, आजी. डाव्या बाजूनं येऊन राह्यला."

"अन् माय केव्हाची जेवाले बोलावून राह्यली उजव्या बाजूनं, ते नाही ऐकू येत?"

२०२० साली अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, २ सप्टेंबरला, सरकारने पबजीवर बंदी घातली. घरात लागोपाठ दोन विसर्जनं झाली आणि दुसऱ्याला जास्त रडारड होती. पुढच्या वर्षी तोच गेम नाव बदलून परत आला. 'पुढच्या वर्षी लवकर या' ही हाक इतकी मनापासून त्याआधी क्वचितच मारली गेली असेल.

याच भाच्याचं लग्न गेल्या उन्हाळ्यात लागलं. डीजे नको, बँडच हवा, हा हट्ट त्याचा. मोठ्यांना वाटलं, पोरगं सुधारलं. मग कळलं की त्याला मारुतीच्या पारावरून मंडपापर्यंत मारिओ वाजवून हवा होता. त्याने मोबाइल बँडमास्तरांच्या कानाला लावला. त्यांनी डोळे मिटून एक फेरी ऐकली, दुसऱ्या फेरीला बोटं क्लॅरनेटवर हलायला लागली, तिसरीला ताशावाल्याने मान डोलावली.

"सोपं हाय," मास्तर म्हणाले. "पन नवरदेव, हे परत परत तिथंच येऊन राह्यलं. संपवाचं कुठी?"

"संपत नाही काका ते. गडी मरेपर्यंत चालते."

मास्तरांनी एकदा नवरदेवाकडे आणि एकदा मंडपाकडे पाहिलं.

"मंग लग्नाचंच हाय हे. चला बे, वाजवा!"